घाटावरची हाडे आणि कोकणचा कातळ



माणगावच्या नाक्यावर उभे राहिले, की एक रस्ता निजामपुरावरून ताम्हिणीचा घाट चढून देशावर जातो आणि दुसरा लोणेरे, महाड, पोलादपूर मागे टाकीत, सावित्री ओलांडून, कशेडीच्या पलीकडे रत्नागिरीच्या सड्यांकडे उतरतो, हे आपणांस मी सांगावे असे नाही. परंतु ज्या विषयावर आज मला बोलावयाचे आहे, त्या विषयाची दोन दप्तरे नेमकी या दोन रस्त्यांच्या टोकांना पडून आहेत आणि ती एकत्र बांधण्याचा उद्योग आपल्याकडे फारसा झालेला नाही, म्हणून या विषयास माणगावासारखी जागा शोधूनही सापडली नसती. (आमंत्रण आले तेव्हा पुण्यातील एका स्नेह्यांनी मला हटकले, की १९२० सालच्या परिषदेचे माणगाव ते हेच काय? ते कोल्हापुराकडचे, हे काळ नदीकाठचे. कोकणातल्या माणसाला ही चूक दिवसातून दोनदा दुरुस्त करावी लागते.) घाटावर नामशेष झालेल्या प्रचंड जनावरांची हाडे निघतात, पण त्यांची चित्रे नाहीत; कोकणच्या कातळावर प्रचंड जनावरांची चित्रे आहेत, पण हाडे नाहीत. जुन्या मुलकी कारभारात दोन गावांच्या कागदांत तफावत आढळली म्हणजे दोन्ही कागद समोरासमोर मांडून रुजवात घालीत असत. आज तीच रुजवात घालून पाहण्याचा माझा इरादा आहे.

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले नाही. तथापि त्यांच्या एका विद्यार्थ्याने मला त्यांची एक शिस्त सांगितली. सहलीत एखादा दगड, पान वा पिसाचा तुकडा कोणी उचलून आणला आणि "गुरुजी, हे कशाचे?" असे विचारले, की ते उत्तर देत नसत, आधी त्याचे वर्णन दहा ओळींत लिहावयास लावीत आणि मगच नावाची गोष्ट काढू देत. ही शिस्त शाळकरी मुलांपेक्षा प्रौढ संशोधकांस अधिक जाचक वाटते, असा माझा अनुभव आहे, आणि तिची जरुरी किती आहे हे आजच्या विषयात पदोपदी दिसून येईल.

आरंभ आफ्रिकेपासून करतो, कारण चित्र आणि हाड यांचा मेळ बसल्याचा सर्वांत स्वच्छ दाखला तिथला आहे. अल्जीरियातील सेतीफ या गावाजवळ नदीच्या काठी एका महाकाय रानम्हशीची कवटी मिळाली आणि १८५१ साली ड्यूव्हर्न्वा या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आजच्या आफ्रिकी रानम्हशीहून ही कितीतरी मोठी; तिची शिंगे दोन्ही बाजूंना कमानीसारखी पसरलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर काही नमुन्यांत तीन मीटरच्या घरात जाणारे. त्याच सुमारास, १८४७ साली, दक्षिणेकडील त्यूत येथील खडकांवर कोरलेल्या जनावरांची आकृती फ्रेंच पलटणीतील अधिकाऱ्यांच्या नजरेस पडली होती, आणि पुढे अशा आकृती अॅटलासच्या पायथ्यापासून लिबियाच्या मसाक पठारापर्यंत जागोजाग आढळल्या. त्यांत एक म्हैस पुनःपुन्हा दिसते, जिची शिंगे कोणत्याही जिवंत म्हशीच्या शिंगांशी जुळत नाहीत; सेतीफच्या कवटीशी मात्र जुळतात. सहारा सुमारे अकरा ते पाच हजार वर्षांपूर्वीच्या काळात तळी आणि गवताळ राने यांनी भरलेला होता, त्या काळी ही म्हैस जिवंत होती आणि कोरणाराने ती डोळ्यांनी पाहिली होती. हा निकाल आज कोणी नाकारीत नाही. सहारातील कोरीव चित्रांच्या सर्वांत जुन्या कालखंडाला विद्वानांनी नावदेखील त्या म्हशीवरूनच दिले.

हा दाखला इतका मोहक आहे, की त्याच्या नादाने पुष्कळांचे पाय घसरले. फाल्कनर आणि कॉटली या दोघांनी शिवालिकच्या टेकड्यांतून एका अवाढव्य, जिराफाच्या कुळातील पण बैलासारख्या भरभक्कम प्राण्याची हाडे काढली आणि १८३६ साली त्यास शंकराच्या नावावरून शिवाथेरियम हे नाव दिले. पुढे १९३६ साली अमेरिकेतील कोलबर्ट या नामांकित शास्त्रज्ञाने असा तर्क मांडला, की इराकमधील किश येथे सापडलेल्या, साडेचार हजार वर्षांहून जुन्या, लगामाच्या तांब्याच्या कडीवर बसविलेली जनावराची मूर्ती हे त्याच शिवाथेरियमचे चित्रण असावे, कारण तिची आखूड, फाटे फुटलेली शिंगे दुसऱ्या कोणत्याच प्राण्याची दिसत नाहीत. कल्पना करा, सुमेरच्या रथापुढे शिवाथेरियम! पण कालांतराने त्याच मूर्तीच्या शिंगांचे तुटून पडलेले तुकडे हाती आले, ते जागच्या जागी बसविले, आणि शिवाथेरियमचे साधे हरीण झाले. आधी वर्णन, मग नाव.

आता ताम्हिणी चढून वर जाऊ. नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी नांदूर मध्यमेश्वर आहे. आज ते पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असून महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून २०२० साली त्याची नोंद झाली. पण १९०५ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या पिलग्रिम यांनी याच गावाच्या नावाने एक वेगळाच वृत्तांत छापला: नदीच्या जुन्या गाळात एका हत्तीचा सांगाडा. हा हत्ती आपल्या देवळांतल्या हत्तीच्या वंशातला नव्हे. त्याचे शास्त्रीय नाव पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस. नर्मदेवरून पडलेले, कारण त्याचे पहिले अवशेष तिकडचे. नांदूरच्या जनावराच्या मांडीचे हाड अखंड असते तर १६५ सेंटिमीटर भरले असते, म्हणजे इथे बसलेल्या काही श्रोत्यांच्या उंचीइतके एकटे मांडीचे हाड. त्यावरून खांद्यापाशी उंची सुमारे साडेचार मीटर निघते. आजचा आशियाई नर हत्ती खांद्यापाशी सामान्यतः पावणेतीन मीटर असतो. याच जातीच्या एका त्रुटित हाडावरून २०१६ साली लारामेंडी या स्पॅनिश संशोधकाने उंची ५.२ मीटर आणि वजन २२ टन असा अंदाज बांधला आणि तो खरा ठरला तर जमिनीवर चाललेल्या सस्तन प्राण्यांत हा सर्वांत मोठा ठरेल. पण तुकड्यावरून केलेला हिशेब तुकड्याइतकाच भरवशाचा, हेही त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे, ही त्याच्या प्रामाणिकपणाची खूण होय.

या हत्तीची दाढ मी एकदा हाताळली आहे. दोन हातांनी उचलावी लागते. वरचा पृष्ठभाग म्हणजे टाकी लावून नुकतेच खरबरीत करून घेतलेले जाते; आडव्या, पातळ, नागमोडी काठांच्या कडांची रांग, आणि दोन कडांमधल्या घळीत अजून अडकलेली गोदावरीची बारीक पिवळट रेती. संग्रह सांभाळणाऱ्या गृहस्थांनी मला तिच्या मुळाशी जीभ लावून पाहावयास सांगितले. मी बिचकलो, पण लावली. जीभ किंचित चिकटली. अश्मीभूत हाड ओळखण्याची ही खेड्यातल्या वैद्यासारखी कसोटी भूवैज्ञानिक आजही वापरतात, कारण दगड झालेल्या हाडाची सूक्ष्म छिद्रे ओलावा ओढून घेतात. इतक्या पुरातन काळच्या जनावराशी माझी ओळख अशी जिभेने झाली.

हत्तीखेरीज इतर मंडळी थोडक्यात सांगतो. पैठणजवळ मुंगी येथील गाळात भूवैज्ञानिक विन यांना एकोणिसाव्या शतकातच जनावरांच्या हाडांच्या थरात अकीकाचे हत्यार सापडले. गोदावरीकाठी काळेगाव येथे पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकळियांना नामशेष रानबैलाचे अवशेष मिळाले. डेक्कन कॉलेजातील डॉ. बदाम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड आणि मांजरा या नद्यांची खोरी पायांखाली घातली. मांजरेच्या काठी, म्हणजे ज्या लातूर भागात पाण्यासाठी रेल्वेने टाक्या आणाव्या लागल्या तिथे, पाणघोड्याची हाडे निघतात, ही गोष्ट मला नेहमी थांबवून ठेवते. तो पाणघोडा आफ्रिकेतल्या पाणघोड्याचा चुलतभाऊ, हेक्झाप्रोटोडॉन, म्हणजे पुढे सहा दात असलेला. मध्य भारतातील त्याच्या अवशेषांचे अलीकडील कालमापन सुमारे सोळा हजार वर्षांपर्यंत खाली येते.

आणि जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात, पाटणे येथे १९७२-७३ साली श्री. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचे मिळाली, त्यांपैकी एकावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी कोरलेली. कवचांचे मणीही केलेले. पंचवीस हजार वर्षांपूर्वी खानदेशात शहामृग धावत होते. भारतातील अशा कवचांच्या अंशांवरून हैदराबादच्या संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली ते आफ्रिकी शहामृगाच्याच वंशातील असल्याचे दाखविले. जाता जाता, या नावाची गंमत: फारसीत तो शुतुर्मुर्ग, म्हणजे उंटपक्षी. आपल्या भाषेने शुतुराचा शहा केला, मुर्गाचा मृग केला, आणि बिचारा पक्षी हरणांच्या यादीत जाऊन बसला. नाव आधी, वर्णन मागाहून, याचे हे जुने उदाहरण.

हे झाले घाटावरचे दप्तर. कोकणात हाडे का नाहीत? माणगावाभोवतीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात वर सांगितलेल्या जनावरांचे हाड असणे शक्यच नाही, आणि देशावरच्या नद्यांसारखे जुन्या गाळाचे जाड थर आपल्या आखूड, उताराच्या, पावसाळ्यात धबाबा वाहून उन्हाळ्यात आटणाऱ्या नद्यांनी साठवून ठेवलेले नाहीत. सावित्रीच्या दक्षिणेस जांभा लागतो. त्याची माती आम्ल, ती हाड खाऊन टाकते. शिवाय हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती, म्हणजे किनारा कित्येक मैल पश्चिमेकडे होता, आणि त्या काळचे कोकण, त्यातील राने, पाणथळी आणि त्यांत मरून पडलेली जनावरे, यांचा मोठा हिस्सा आज अरबी समुद्राखाली आहे. तात्पर्य, कोकणाचे हाडांचे दप्तर जळाले, भिजले आणि बुडाले. शिल्लक आहे तो कातळ.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या सड्यांवर, जिथे पावसाळ्याचे चार महिने रानफुले आणि उरलेले आठ महिने ऊन एवढेच पीक येते, तिथे जांभ्याच्या सपाट पृष्ठभागात खोदलेल्या आकृती आहेत. गावकऱ्यांना त्या ठाऊक होत्या. पांडवांनी एका रात्रीत काढलेली चित्रे, एवढी नोंद त्यांना पुरेशी होती. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकुरदेसाई यांच्यासारख्या हौशी पण चिकाटीच्या मंडळींनी गुराख्यांना विचारीत, सडे तुडवीत त्यांची मोजदाद आरंभिली, राज्याच्या पुरातत्त्व खात्याने ती उचलून धरली, आणि सत्तरांहून अधिक ठिकाणी पंधराशेंहून अधिक आकृती नोंदल्या गेल्या. २०२२ साली यांतील नऊ स्थळे, रत्नागिरीची सात, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील कुशावतीकाठचे पणसायमळ, युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, उक्षी ही नावे आता वर्तमानपत्रे वाचणाराला परिचित आहेत.

राजापूर तालुक्यातील कशेळी, जिथे कनकादित्याचे प्राचीन देवालय आहे, तिथला सडा मी प्रथम पाहिला तो भर दुपारी, आणि खरे सांगतो, मला काहीही दिसले नाही. वाळलेले गवत, काळवंडलेला जांभा, त्यावर शेवाळाचे करडे डाग. बरोबर आलेला गावातला मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही सोंडेवर उभे आहात." मी दचकून बाजूला झालो, जणू कोणाच्या अंगावर पाय पडला. मग त्याने कळशीतले पाणी थोडे थोडे ओतावयास आरंभ केला, आणि पाणी चरातून पुढे सरकू लागले: वाळलेल्या कातळावर एक काळी रेघ माझ्यापासून निघून लांब गेली, वळली, पुन्हा उतरली. पाणी संपले, पण सोंड संपली नाही. ऊन कलल्यावर पाच-साडेपाचला चरांत सावली भरली आणि हत्ती उठून दिसू लागला: अठरा मीटर लांब, तेरा मीटर रुंद, आणि त्याच्या देहाच्या आत आणि भोवती भूचर-जलचरांच्या कित्येक लहान आकृती, एखाद्या भरल्या घरासारख्या. खोदणाराने हा एवढा पसारा एका जागी उभे राहून कधीच एकदम पाहिलेला नसणार. तेथे ना उंच टेकडी, ना झाड. तरी पाठीची कमान एका दमात ओढल्यासारखी आहे.

आता रुजवात. पहिला मोह असा, की कशेळीचा हत्ती इतका मोठा, म्हणजे तो नांदूर मध्यमेश्वरचाच. असे म्हणणारे मला भेटले आहेत, आणि त्यांची कळकळ खरी असली तरी पुरावा कच्चा आहे. चित्राची लांबी ही जनावराची लांबी नव्हे; साडेचार मीटर उंचीचा हत्ती असो वा पावणेतीन मीटरचा, अठरा मीटर कोणीच नसतो. चित्राचा आकार खोदणाराच्या आदराचे, भीतीचे वा त्याच्यापाशी असलेल्या कातळाच्या ऐसपैसपणाचे माप आहे. ज्या खुणांवरून या दोन हत्तींत भेद करता येईल, म्हणजे कपाळावरील जाड वळी, सुळ्यांची ठेवण, त्या नुसत्या बाह्यरेषेत उतरलेल्या नाहीत. तेव्हा कशेळीला हत्ती म्हणावे, आणि तिथेच थांबावे.

गेंड्याची गोष्ट निराळी. रत्नागिरी तालुक्यातील देऊडच्या कातळावर एकशिंगी गेंड्याची आकृती आहे, आणि आज रानगेंडा पाहावयाचा तर काझीरंगा गाठावे लागते. म्हणून पुष्कळांस तो आफ्रिकेतून आल्यासारखा चमत्कारिक वाटतो. वस्तुतः गेंडा या देशाचा जुना रहिवासी. गुजरातेत लांघणज येथे सांकळियांना मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले, ज्यावर त्या लोकांनी ऐरणीसारखे ठोकून ठोकून खळगे पाडले होते. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना काशाच्या चार मूर्ती मिळाल्या, त्यांत रथ, म्हैस, हत्ती यांच्या जोडीला गेंडा आहे. बाबराने सिंधूच्या बाजूस गेंड्याची शिकार केल्याचे स्वतःच लिहून ठेवले आहे. आणि आपण घालू पाहतो आहो ती रुजवात एका इंग्रजाने उत्तर हिंदुस्थानात पूर्वीच घातली होती: कॉकबर्न यांनी बांदा जिल्ह्यात केन नदीच्या पात्रात गेंड्याची अश्मीभूत हाडे पाहिली, मिर्झापूरच्या गुहेत गेंड्याच्या शिकारीचे चित्र उतरून घेतले, आणि १८८३ साली दोन्ही एकाच निबंधात शेजारीशेजारी ठेवली. उत्तरेस गुजरात, पूर्वेस गोदाकाठ, अशा दोन्ही अंगांनी साक्षी असताना मधल्या कोकणात गेंडा नव्हता असे म्हणणाराने पुरावा द्यावा. गेंडा मला मान्य आहे.

पाणघोड्याची फिर्याद मात्र मी तहकूब ठेवतो. काही आकृतींना पाणघोडा म्हटले जाते; ते खरे असेल तर ती आकृती सोळा हजार वर्षांच्या आसपासची तरी मानावी लागेल, आणि मग सगळ्या कातळशिल्पांचे वय त्या एका जाडजूड देहावर टांगले जाईल. लठ्ठ शरीर, आखूड पाय आणि बोथट तोंड एवढ्या वर्णनात रानडुक्करही बसते. ज्या दिवशी कोकणच्या एखाद्या गुहेतील मातीच्या थरात वा खाडीच्या गाळात हेक्झाप्रोटोडॉनचा एक दात निघेल, त्या दिवशी ही फिर्याद पुन्हा पटावर घ्यावी. तोवर आकृतीचे वय जनावरावरून आणि जनावराचे नाव वयावरून ठरविणे म्हणजे कर्जदाराने स्वतःच स्वतःला जामीन राहण्यासारखे आहे.

ही जनावरे का गेली, याविषयी थोडेसे. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या खंडांनी आपली बहुतेक महाकाय जनावरे गमावली. आफ्रिका आणि भारत यांनी त्यामानाने थोडी. आपल्याकडे गेली ती मुख्यतः दोन जातींचे प्राचीन हत्ती, पाणघोडा, एक रानघोडा, शहामृग आणि रानबैल. कारणांत हवेचा कोरडेपणा, तळी आटणे आणि माणसाची वाढती वर्दळ ही सर्व आली; परंतु जिथे माणूस आणि जनावर पुष्कळ काळ एकमेकांना ओळखून होते, तिथे जनावराने माणसाची भीती बाळगावयास शिकून घेतले, असा एक तर्क आहे आणि तो मला पटतो. हत्ती आणि गेंडा रानात उरले आहेत ते आफ्रिका आणि आशिया याच दोन खंडांत.

शेवटी आपणांकडे एक मागणे आहे, कारण या सभागृहात जमिनीचे मालक, ठेकेदार, चिऱ्यांचा व्यापार करणारे आणि दक्षिणेकडे बागा घेतलेले लोक बसले आहेत, हे मला दिसते आहे. सातबाऱ्यावर सड्याची नोंद पोटखराबा अशी असते. त्याला कोणी वाली नाही. आंब्याची कलमे लावण्यासाठी कातळात सुरुंग घालून खड्डे पाडले जातात, चिरेखाणीचे यंत्र एका दिवसात तिथे फिरते, आणि चर चिऱ्यांच्या पाठीवर बसून घराच्या भिंतीत निघून जातो. उक्षीच्या गावकऱ्यांनी आपल्या हत्तीभोवती गोल भिंत बांधली, पाहण्यासाठी उंचवटा केला, आणि त्याने त्यांचे काही बिघडले नाही. सावित्रीपलीकडे आपली जमीन असेल तर यंत्र लावण्यापूर्वी कातळ एकदा झाडूने झाडून घ्या, चरात थोडे पाणी सोडून पाहा, आणि काही आढळले तर पुरातत्त्व खात्याच्या रत्नागिरीच्या कार्यालयास कळवा. देशावर नदीकाठी शेत असेल आणि रेती काढताना जड, जिभेला चिकटणारे हाड निघाले, तर ते जागचे हलवू नका; डेक्कन कॉलेजास पत्र टाका. मात्र कातळ पाहावयास सकाळी नऊच्या आत जा, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. दुपारी काही दिसत नाही.